तिसऱ्या वेचणीवरची हरकत

निर्मला,

परवा मराठी मंडळात तुझी शोकसभा झाली. तिथे तुझ्याबद्दल जे बोललं गेलं त्यातलं निम्मं तू ऐकूनच घेतलं नसतंस. कुणी तुझ्या पुरणपोळ्यांची आठवण काढली, कुणी गणपतीतल्या तुझ्या खणखणीत आरतीची. एका गृहस्थांनी तर तुला 'सदा हसतमुख' म्हटलं. मी खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळ केली. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला गमछा, आणि एका वाफ्याची पिशवी दुसऱ्याच ढिगाकडे गेली की तुझा जो चेहरा व्हायचा, तो या माणसांनी कधी पाहिलाच नव्हता. सभा संपली, चहा आला, तरी कापूस हा शब्द काही कुणाच्या तोंडून निघाला नाही.

मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी उठले आणि म्हणाले, "निर्मला फार भांडायची." पुढचं बरंच ठरवून आले होते, पण तेवढं बोलून मी खाली बसले. लोकांना वाटलं असणार, ही बाई मेलेल्या मैत्रिणीबद्दलही वाकडंच बोलते. तुझी मिठू तेवढी मागून आली आणि तिने माझा हात धरला. तिचं मराठी तुला ठाऊकच आहे, कोलकात्यात वाढलेल्या पोरीचं. "मावशी, तू ठीक बोललीस," ती म्हणाली. "आई घरी पण भांडायची. पण तुझ्याशी भांडून आली की जेवण जास्त करायची."

बाहेर चपला घालताना तुझ्या फोर्ट विल्यममधल्या जुन्या शेजारणीने मला गाठलं. तुझे यजमान, आपले मेजरसाहेब, नोकरीत होते तेव्हापासून ती तुला ओळखते. तरी विचारते, "तुम्ही दोघी नक्की करायचात तरी काय हो?" मी तिला सांगितलं. कापसाचे नवे नवे वाण निघतात, आणि काढणारा प्रत्येक जण म्हणतो माझाच चांगला. मग त्या वाणांची नावं झाकून, नुसते नंबर देऊन, ते चार राज्यांतल्या वेगवेगळ्या मातीत शेजारी शेजारी लावायचे, वेचायचे, तोलायचे, आणि कुठला कुठे किती पिकला ते ताडून पाहायचं. निर्मला शेत बघायची, मी आकडे बघायची. ती म्हणाली, "अय्या, बंगालमध्ये कापूस?" तू असतीस तर तिला दुसऱ्या दिवशी सकाळीच आपल्या शेताकडे जाणाऱ्या कॅनिंगच्या गाडीत बसवलं असतंस.

मी नुसती मान हलवली आणि टॅक्सी शोधायला लागले. तुझ्यासारखा उत्साह मला कुठून येणार?

मी या शहरात बदलीवर आले तेव्हा मुदत संपली की पुण्याला परत जायचं, हे पक्कं होतं. ऑफिसात आल्या आल्या सगळ्यांची दिदि झाले. माणसं चांगली होती, पण जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या गप्पा बंगालीत रंगल्या की मी डब्यात मान घालून बसायची. आणि एक दिवस तू दारात उभी राहिलीस, उन्हाने रापलेली, खांद्याला शबनम. "काहून वं, एकटीच जेवून राहिली?" मी सदाशिव पेठेतली. मला आयुष्यात कुणी 'वं' म्हटलेलं नव्हतं. जरा रागच आला. मग तू डबा उघडलास. ज्वारीची भाकरी आणि ठेचा. ज्वारीचं पीठ तू दर सुट्टीत वर्ध्याहून आणायचीस आणि सोन्यासारखं पुरवून वापरायचीस, हे मला पुढे कळलं. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ठेचा इतका जहाल होता की त्याचं खापर त्याच्यावर फोडता आलं.

त्यानंतर मी परत जाण्याची बदली मागितलीच नाही. लोकांनी विचारलं तेव्हा कामाचं कारण दिलं, मग हळूहळू सवयीचं दिलं. खरं कारण तू होतीस. हे तुला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तू महिनाभर माझी टिंगल केली असतीस, म्हणून नाही सांगितलं.

पहिल्या वेचणीला तू मला ओढून शेतावर न्यायचीस. कॅनिंगपर्यंत गाडी, मग नदी ओलांडायला इंजिनाची होडी, मग व्हॅन-रिक्षाच्या फळीवर पाय लोंबकळत टाकून उरलेला रस्ता. तिथल्या खाऱ्या मातीत भात कापून झाला की हिवाळ्यात कापूस पेरायचा, आणि पाऊस लागायच्या आत जमीन पुन्हा भातासाठी मोकळी करायची. मी हे सगळं कागदावर कितीदा वाचलं होतं. पण त्या सपाट, ओल्या, खारट वासाच्या मुलखात तुमच्याकडची कपाशी, तुमची पऱ्हाटी, उभी पाहिली आणि मला हसूच आलं. आपल्यासारखीच बदलीवर आलेली वाटत होती बिचारी.

तुमच्याकडे पहिल्या वेचणीआधी झाडाच्या बुडाशी दहीभात ठेवून पूजा करतात, सीतादही म्हणतात तिला. तू ती इथेही चालू केलीस. पहिल्या वर्षीची फजिती आठवते? कॅनिंगच्या बाजारात तू नुसतं "दोई द्या" म्हणालीस आणि मातीच्या भांड्यातलं लालसर, घट्ट दही घेऊन ऐटीत शेतावर आलीस. भातात कालवलंस, वर मीठ टाकलंस, घरून आणलेली मिरचीची फोडणी ओतलीस आणि मग बोट चाटलंस. मिष्टी दोई, साखर घातलेलं गोड दही! वेचणाऱ्या बायकांची प्रमुख मालती, ती तर पोट धरून बांधावर बसली. आणि तू क्षणभर त्या भाताकडे बघितलंस, हात जोडलेस, आणि म्हणालीस, "सीतामाय, परमुलखात आलो, गोड मानून घे वं."

त्या वर्षी कापूस बरा आला, म्हणून पुढे दर वर्षी मिष्टी दोईच. मी म्हटलं, एका वर्षाच्या अनुभवावरून निष्कर्ष काढू नये. तू म्हणालीस, "मंग पुढच्या साली आंबट दही ठेवून तुलना कर. कापूस बुडला तर सही तुही." मी सही करायला धजले नाही. संख्याशास्त्र शिकलेली बाई, पण देवीशी पंगा कोण घेणार?

पूजा मात्र तू कायम किनारीच्या ओळीत करायचीस. चाचणीच्या भोवती जास्तीची एकेक ओळ लावतात. कडेच्या झाडांना ऊन-वारा जास्त मिळतो, ती उगाच फोफावतात, म्हणून त्यांचा कापूस तोलात धरत नाहीत. देवीचं बोंड तिथलं खुडलं की कुणाच्या आकड्याला धक्का नाही. पण एकदा तू तापाने घरी होतीस आणि पूजा मालतीने केली. तिला वाटलं, एकाच ओळीचा मान ठेवला तर बाकीचे वाण रुसतील. म्हणून तिने प्रत्येक वाफ्यातून एकेक मूठ कापूस देवीला काढला. मला हे कळलं तेव्हा मी ऑफिसात कपाळाला हात लावला. तुला फोन केला, तर तू तापातच विचारलंस, "सगळ्यातून सारखीच मूठ काढली न?"

"म्हणते तरी सारखीच."

"मंग फरकात कुठी फरक पडते? सगळ्यायचं सारखंच कमी झालं."

होतं बाई ते बरोबर. सगळ्यांतून सारखंच वजा केलं तर तुलना होती तशीच राहते, हे मीच तुला कधीतरी शिकवलं होतं. पण हार मानेल ती मी कसली! मी विचारलं, मालतीची मूठ प्रत्येक वेळी सारखीच भरते याला पुरावा काय? तू फोन आपटलास.

आणि मग आपलं मोठं भांडण, तिसऱ्या वेचणीचं. कापूस एकदम फुटत नाही. पहिली वेचणी होते, पंधरवड्याने दुसरी, मग मागे राहिलेल्या बोंडांची तिसरी. आमचा नियम असा की सगळीकडे तिन्ही वेचण्या तोलायच्या आणि बेरीज करायची. तुझं म्हणणं, इथे तिसरी मोजूच नका. तोवर वैशाखातली वादळं आलेली असतात, कापूस झाडावर भिजतो, पिवळा पडतो. इथला शेतकरी तिसऱ्या वेचणीची वाटच बघत नाही, गुरं सोडतो आणि शेत मोकळं करतो. आपण मजुरी देऊन, बायकांना चिखलात उतरवून ती वेचून आणतो, म्हणून ती दिसते. "जे कोणाच्या घरात येतच नाही," तू ओरडायचीस, "ते मोजाले कोणं सांगतलं तुले?"

आणि मी म्हणायची, तू म्हणतेस ते एका शेतापुरतं खरं आहे. पण इथे दोन वेचण्या, तिकडे तीन, आणखी कुठे कुणाच्या सोयीने चार, असं सुरू झालं तर ती तुलना कसली? माप एकच हवं. ज्याला जे माप सोयीचं ते त्याने घ्यायचं, मग चाचणी तरी कशाला करायची?

दर वर्षी हंगामाच्या शेवटी बैठक व्हायची. मी आपल्या केंद्राचे आकडे वाचून दाखवायची, आणि माझं शेवटचं वाक्य संपायच्या आत तुझा आवाज यायचा, "माझी हरकत नोंदवून घ्या." मग तू बोलायचीस, मग मी उत्तर द्यायची, अध्यक्ष घड्याळाकडे बघायचे, आणि तुझी हरकत नोंदवली जाऊन माझे आकडे मंजूर व्हायचे. बाहेर पडून आपण कोपऱ्यावर मातीच्या भांड्यातून चहा प्यायचो आणि तिथे भांडण पुन्हा पहिल्यापासून. अध्यक्षांना वाटायचं आपल्यात विस्तव जात नाही. बैठकीत हिंदी बोलताना तू किती शुद्ध बोलायचीस गं, आणि चहाच्या टपरीवर आलीस की पुन्हा 'काहून' आणि 'मंग'.

मला अजूनही वाटतं की माझंच बरोबर आहे. तू गेलीस म्हणून मी आता गहिवरून तुझं म्हणणं मान्य करीन, असं समजू नकोस.

यंदा तू सात नंबरच्या प्रेमात पडलीस. कुणाचा वाण, कुठून आला, तुला माहीत नाही, मला माहीत नाही. नुसता सात. बुटका, आटोपशीर, बोंडं जवळजवळ एकदम फुटणारा. पहिल्या वेचणीला तू त्याच्या वाफ्याशी उभी राहिलीस आणि म्हणालीस, "हा इथल्यासाठीच जन्मला वं." मी म्हटलं, माहेरचा असल्यासारखी बाजू घेतेस. तू हसलीस आणि खोकला आला. मग पूजा होईपर्यंत तू बांधावरच बसून राहिलीस. शेतावर तुला बसलेली मी कधी पाहिली नव्हती. तेव्हाच मला काहीतरी विचारायला हवं होतं, पण मालती भात वाढत होती आणि तू म्हणालीस की घसा कोरडा पडलाय.

दुसऱ्या वेचणीलाही तू गेलीस, मेजरसाहेब नको नको म्हणत असताना. वजनं मला फोनवर सांगितलीस. दोन वेचण्यांच्या बेरजेत सात नंबर पहिला होता. "पाह्यलं?" तू म्हणालीस. मी म्हटलं, अजून तिसरी यायची आहे. त्यानंतर तू घरीच होतीस, आणि मग हॉस्पिटलात.

तिथे मी रोज यायची. काय बोलायचो आपण? तुझ्या नाकात नळी, मिठू औषधांच्या मागे पळतेय, मेजरसाहेब खिडकीशी उभे. आणि आपण दोघी तिसऱ्या वेचणीवर वाद घालतोय. शेवटच्या दिवशी तू म्हणालीस, "सात नंबरवर लक्ष ठेव." मी म्हटलं, "मी कुणावर लक्षबिक्ष ठेवत नाही. मी सगळ्यांची वजनं ठेवते." तू डोळे मिटून हसलीस. "दगड हायेस," म्हणालीस. मी फळाची पिशवी टेबलावर ठेवली आणि उद्या येते म्हणून निघाले. तू बरी हो, एवढंसुद्धा म्हटलं नाही. ते म्हटलं असतं तर आजार खरा झाला असता, आणि भांडत राहिलं तर सगळं नेहमीसारखंच आहे असं वाटत होतं. तुलाही तसंच वाटत होतं ना? नाहीतर तूही काहीतरी वेगळं बोलली असतीस.

मेजरसाहेब तुझ्या अस्थी घेऊन वर्ध्याला गेले. ते आता तिकडेच राहणार म्हणतात. मिठू न्यू टाउनमध्ये तिच्या ऑफिसजवळ घर घेते आहे. निघण्याआधी साहेबांनी मला उरलेलं ज्वारीचं पीठ आणून दिलं. मला भाकरी थापता येत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं.

तिसरी वेचणी गेल्या आठवड्यात झाली. शेतावर जायला दुसरं कुणी नव्हतं, मीच गेले. होडीत बसले आणि लक्षात आलं की तिसऱ्या वेचणीला मी कधी आलेच नव्हते. ती तुझी होती. माझ्याकडे फक्त तिचे आकडे यायचे.

आणि ऐक, मी काय केलं. मी वादळाची वाट बघितली. आदल्या दिवशीपासून फोनवर हवामान बघत होते. होडीतून वायव्येकडे मान वळवून ढग शोधत होते. मला हवं होतं की वादळ यावं, सगळा कापूस भिजावा, पिवळा पडावा, तुझं म्हणणं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खरं ठरावं. चार राज्यांसाठी माप एकच हवं म्हणणारी मी, एका नंबरसाठी आभाळाकडे बघत होते. नावाड्याने विचारलं, वादळाची भीती वाटते का. मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

ढगाचा ठिपकाही नव्हता, निर्मला. स्वच्छ, कोरडं ऊन. कापूस असा पांढराशुभ्र फुटला होता की तुझ्या वर्ध्यातही मिरवावा. मालती बांधावर उभी होती. तिने माझ्या मागे पाहिलं, मग माझ्याकडे. "दिदि आशबे ना आर?" म्हणजे तू आता यायची नाहीस का. मी नकारार्थी मान हलवली. तिला बातमी कळली होती, तरी तिने विचारलं. मग ती ओळीत शिरली आणि बाकीच्या बायका तिच्या मागे गेल्या.

दुपारी बांबूच्या तिकाटण्याला ताणकाटा टांगला. तू वजन ओरडायचीस आणि मालती पिशव्या चढवायची. यंदा पिशव्या कुणीतरी चढवल्या आणि मालती काट्याशी जाऊन उभी राहिली. पहिली पिशवी लागली, आणि ती ओरडली, "पावणेदोन, वर चाळीस!" तुझ्याच आवाजात, शेवटी तसाच हेल काढून. बंगाली बाई, पण काट्याशी उभी राहिली की वजन मराठीत सांगायचं, असंच तिला वाटत आलंय. तुझ्याकडून तिने तसंच ऐकलं होतं. मला पुढची दोन वजनं नीट ऐकूच आली नाहीत, तिला पुन्हा विचारावी लागली. तू गेल्यापासून तुझ्या घरच्यांखेरीज समोरासमोर कुणी माझ्याशी मराठीत बोललेलं ते पहिलंच होतं.

सात नंबरला तिसऱ्या वेचणीत फारसं काही उरलं नव्हतं. त्याने आपलं सगळं आधीच देऊन टाकलं होतं. उशिरा फुटणाऱ्या वाणांनी भरभरून दिलं. तिन्हींची बेरीज केली तेव्हा सात मागे पडला. थोडाच, पण पडला. मी बांधावर बसून बेरीज दोनदा तपासली. मग तू जिथे बसली होतीस तिथेच मी बसले आहे हे ध्यानात आलं आणि उठले.

इतक्या वर्षांच्या वादात आभाळाने यंदा माझ्या बाजूने कौल दिला. तिसरी वेचणी आली, कोरडी आली, चांगली आली. मी जिंकले. परतीच्या होडीत मला कुणाला तरी हाक मारून सांगावंसं वाटत होतं की मी जिंकले, आणि त्या अख्ख्या होडीत, नदीवर, कॅनिंगच्या गाडीत, सियालदहच्या त्या गर्दीत ते ज्याला कळेल असं एक माणूस नव्हतं. एकटेपण मला नवीन नाही. मी एकटीच राहते, एकटीच जेवते, आणि त्याचं मला कधी फारसं वाटलं नाही. पण जिंकून एकटं पडणं मला सोसलं नाही. सियालदहला उतरल्यावर बाकावर बराच वेळ बसून राहिले.

आकडे बदलायचा विचार मनात आला नाही, असं म्हणणार नाही. आला. दोनच वेचण्या लिहायच्या आणि तिसरी वादळात गेली म्हणायचं. कोण बघायला आलं होतं? पण मग तुझा चेहरा डोळ्यांपुढे आला. चुकीच्या ढिगाकडे पिशवी नेणाऱ्याकडे बघतानाचा. माझ्या दयेवर जिंकलेला सात नंबर तू बांधावर फेकून दिला असतास.

काल बैठक झाली. आता ती संगणकावरच होते, प्रत्येक जण आपापल्या चौकोनात. आपलं केंद्र नेहमीप्रमाणे सगळ्यांत शेवटी. मी तिन्ही वेचण्यांचे आकडे वाचले, जसे होते तसे. सात नंबर मागे पडला, पण फरक इतका थोडा आहे की तो जमिनीतल्या चढउताराचाही असू शकतो, हे सांगितलं. नियमानेच तो आणखी एक हंगाम चाचणीत राहतो. त्यात माझी मेहेरबानी काही नाही.

शेवटचं वाक्य वाचलं आणि मी थांबले. सवयीने. तुझा आवाज यायचा म्हणून.

कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. अध्यक्ष पुढच्या विषयाकडे वळणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "सर, आपत्ति दर्ज कीजिए."

"किसकी?"

"निर्मलाजी की."

ते जरा गडबडले. बातमी त्यांना होती. हळूच म्हणाले, "मॅडम, आँकड़े भी आपके और आपत्ति भी आपकी?"

मग मी बोलले. तुझं सगळं म्हणणं, पहिल्यापासून. की यंदाचं ऊन हा अपवाद आहे. की एका चांगल्या वर्षावरून निष्कर्ष काढू नये. की जो कापूस इथल्या कुणाच्या घरात जात नाही, तो वाणाच्या गुणांत धरून आपण त्या शेतकऱ्याला चुकीचा वाण शिफारस करतो. की सात नंबर इथल्यासाठी जन्मला आहे. तू कधी इतकं मुद्देसूद बोलली नव्हतीस गं, तू मध्येच चिडायचीस. मी चिडले नाही.

माझं संपलं. अध्यक्षांनी सगळं लिहून घेतलं. आणि मग, दर वर्षी विचारतात तसंच, त्यांनी विचारलं, "इस पर सांख्यिकी की तरफ़ से जवाब?"

सांख्यिकी म्हणजे मी. उत्तर मला तोंडपाठ आहे. माप एकच हवं, इथपासून सुरू होतं आणि कुठे संपतं ते तुलाही पाठ आहे. सगळे माझ्या चौकोनाकडे बघत होते. मी म्हटलं, "इस साल कोई जवाब नहीं है, सर."

त्यांनी तसं नोंदवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्या हरकतीला उत्तर मिळालं नाही.

उत्तर आहे गं माझ्याकडे, निर्मला. पक्कं आहे. पण ते तुला द्यायचं उत्तर आहे. दुसऱ्या कुणाला देऊन मी काय करू?